चिकातल्या गाठी

15 फेब्रुवारी 1942 या दिवशी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि त्याची झळ हजारो मैलांवर अमेरिकेतल्या टायरच्या दुकानांना लागली. मलाया गेला, पाठोपाठ डच ईस्ट इंडीजही गेलं. जगाला लागणाऱ्या नैसर्गिक रबराचे दहातले नऊ वाटे याच पट्ट्यातल्या मळ्यांतून येत होते. रणगाडा असो, विमान असो की सैनिकाचा बूट, रबराशिवाय काहीच हलत नव्हतं. त्या वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेने देशभर पेट्रोलचं रेशनिंग लावलं. बहुतेक ठिकाणी पेट्रोलचा तुटवडा नव्हताच. लोकांनी गाड्या कमी पळवाव्यात आणि टायर कमी झिजावेत म्हणून हा खटाटोप. वेगावरही ताशी 35 मैलांचं बंधन आलं.

मग कृत्रिम रबराचे कारखाने उभे राहिले. सरकारी कागदांत या रबराचं नाव होतं जीआर-एस, म्हणजे ब्युटाडाईन आणि स्टायरिन यांपासून केलेलं सरकारी रबर. 1941 साली सर्वसाधारण वापराचं असं रबर त्या देशात वर्षभरात 231 टन निघालं होतं. 1945 पर्यंत महिन्याला 70,000 टन निघू लागलं. या आकड्यांवर अमेरिकेत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, तेव्हा त्यात रमायला नको. आपल्याला हवी आहे ती त्या कारखान्यांतली एक डोकेदुखी.

हे रबर बनायचं ते दुधासारख्या द्रवात. साबणाच्या पाण्यात ब्युटाडाईन आणि स्टायरिन घुसळायचं, विक्रिया सुरू करणारं रसायन घालायचं, की काही तासांत पांढराशुभ्र चीक तयार होतो. रबराच्या झाडाला चीर दिली की जो ठिबकतो, त्याचाच हा भाऊ. पाण्यात तरंगणारे रबराचे अतिसूक्ष्म कण, एवढंच त्याचं रूप. दूध नासवावं तसा तो मीठ आणि आम्ल घालून नासवायचा, वर येणारा चोथा धुवायचा, वाळवायचा आणि गठ्ठे बांधून टायरवाल्यांकडे पाठवायचा.

अडचण अशी की विक्रिया जास्त वेळ चालू दिली तर रबर बिघडायचं. चांगलं कच्चं रबर बेंझीनमध्ये विरघळतं. हे बिघडलेलं रबर नुसतं फुगायचं आणि लिबलिबीत होऊन तळाशी बसायचं. रुळांमधून लाटताना ते हट्टीपणा करायचं, काजळी आणि गंधक त्यात नीट मिसळायचं नाही. कारखान्यांच्या भाषेत अशा रबरात ‘जेल’ धरलेलं असायचं. त्यावर उपाय दोन. पहिला म्हणजे मर्कॅप्टन नावाचं गंधकाचं दुर्गंधी रसायन थोडं घालून साखळ्यांची वाढ आवरायची. दुसरा म्हणजे कच्च्या मालाचं सुमारे 72 टक्के रबर झालं की विक्रिया तिथेच मारून टाकायची. उरलेला अठ्ठावीस टक्के माल परत गोळा करावा लागे, पण जेल धरण्यापेक्षा ते परवडायचं.

जेल म्हणजे नेमकं काय, हे आधी पाहू. पॉलिमर म्हणजे रेणूंचे लांबच लांब दोरे. सुटे दोरे द्रवात सोडले की पांगतात, आणि पांगणं म्हणजेच विरघळणं. या दोऱ्यांना अधूनमधून एकमेकांशी गाठी मारल्या की कोळ्याचं जाळं होतं. जाळं पाण्यात पसरतं, फुगतं, पण पांगत नाही. गाठी पुरेशा झाल्या तर भांड्यातला सगळा माल मिळून एकच जाळं होतं. रसायनशास्त्राच्या काटेकोर भाषेत सांगायचं तर अख्खं भांडं म्हणजे एकच रेणू. हे किती गाठींनंतर घडतं याचं गणित पॉल फ्लोरी यांनी 1941 मध्येच मांडलं होतं.

युद्धकाळात या जेलचा कसून शोध घेणाऱ्यांत विल्यम ऑलिव्हर बेकर नावाचे एक तरुण रसायनशास्त्रज्ञ होते. जन्म 1915 चा, मेरीलँडमधल्या टर्की पाळणाऱ्या घरातला. 1939 पासून ते बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत होते. टेलिफोनवाल्यांना रबराशी काय करायचंय, असं वाटेल. पण टेलिफोन म्हणजे तारा, आणि तारा म्हणजे त्यांच्यावरचं आवरण; तेव्हा रबर आणि प्लास्टिक यांत या कंपनीचा जीव गुंतलेला होता.

बेकर यांनी एक साधा पण कुणाच्या फारसा ध्यानात न आलेला मुद्दा धरला. चिकातले कण सुटे आहेत. प्रत्येक कणाभोवती साबणाचं कवच आणि त्याबाहेर पाणी. मग एका कणातला दोरा दुसऱ्या कणातल्या दोऱ्याला गाठ मारणार कसा? गाठी पडल्या तरी त्या कणाच्या हद्दीतच पडणार. म्हणजे तळाशी दिसणारा लिबलिबीत गोळा हे एकच मोठं जाळं नव्हे. ती असंख्य चिमुकल्या जाळ्यांची गर्दी आहे, आणि त्यातलं प्रत्येक जाळं चिकाच्या एका कणाएवढं, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही लहान. एक कण, एक रेणू. योग्य द्रावकात ही गर्दी मोकळी करता आली, तर जे कधीच विरघळत नाही असं मानलं जात होतं ते जेल चक्क विरघळल्यासारखं वागतं.

आणखी एक विचित्र गोष्ट होती. या कणांचं रेणुवजन प्रचंड. एवढ्या वजनाचे सुटे दोरे द्रावणात असते तर ते काकवीसारखं दाट झालं असतं. हे द्रावण मात्र पातळच राही. कारण उघड आहे. सुटा दोरा पसरून जागा अडवतो, तेवढ्याच दोऱ्याची गुंडाळी मुठीत मावते. बेकर यांनी हे सगळं 1949 साली ‘इंडस्ट्रियल अँड इंजिनिअरिंग केमिस्ट्री’ या नियतकालिकात छापलं आणि शीर्षकातच नव्या वस्तूचं बारसं केलं: मायक्रोजेल, एक नवा महारेणू.

‘नवा’ या शब्दाबद्दल मात्र जरा कुरकुर करायला हवी. चौदा वर्षांपूर्वी, 1935 मध्ये, जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात हेर्मान श्टाउडिंगर आणि एल्फ्रीडे हुसेमान यांनी जवळजवळ हीच वस्तू दुसऱ्या वाटेने केली होती. पॉलिमर म्हणजे खरोखरच लांब रेणू असतात, हे सांगण्यासाठी श्टाउडिंगर यांनी 1920 पासून टोमणे सोसले होते. गाठी मारणाऱ्या डायव्हिनिलबेंझीन या द्रव्याचा त्यांनी नाद घेतला. स्टायरिनमध्ये त्याचा अंश 0.002 टक्के असला तरी तयार होणारं पॉलिस्टायरिन विरघळेनासं होतं, हे त्यांच्याच प्रयोगशाळेचं निरीक्षण. पुढे हुसेमान यांच्याबरोबर त्यांनी हे द्रव्य भरपूर द्रावकात पातळ करून वाढवलं, तेव्हा गाठी भरपूर पडूनही पदार्थ विरघळला आणि द्रावण पातळ राहिलं. मायक्रोजेलची ही पहिली नोंद. श्टाउडिंगर यांना 1953 चं नोबेल मिळालं. हुसेमान यांचं नाव आज विशेषज्ञांबाहेर कुणाला आठवत नाही. पण त्यांनी फ्रायबुर्गच्या महारेणू संस्थेची धुरा पुढे बरीच वर्षं सांभाळली.

बेकर स्वतः मायक्रोजेलमध्ये फार काळ रमले नाहीत. पुढे ते बेल प्रयोगशाळांचे अध्यक्ष झाले आणि अमेरिकेच्या अध्यक्षांना विज्ञानाचा सल्ला देऊ लागले. मायक्रोजेल मात्र बराच काळ होतं तिथेच राहिलं, म्हणजे टाळायच्या गोष्टींच्या यादीत. अपवाद एक, आणि तो एका टायर कंपनीचाच.

बी. एफ. गुडरिच ही अमेरिकेतली जुनी टायर कंपनी. युद्धकाळातल्या कृत्रिम रबरात तिचा मोठा वाटा होता. 1957 साली तिला एक पेटंट मिळालं, पॉलिॲक्रिलिक आम्लाच्या दोऱ्यांना विरळ गाठी मारलेल्या पावडरीचं. बाजारात तिचं नाव झालं कार्बोपोल. चिमूटभर पावडर पाण्यात घातली तर नुसतं आंबट, किंचित गढूळ पाणी होतं. त्यात अल्कली घालून आंबटपणा मारला की दोऱ्यांवर ऋण भार येतो, भार एकमेकांना ढकलतात आणि प्रत्येक कण मूळच्या शेकडो पटींनी फुगतो. शंभर ग्रॅम पाण्यात अर्धा ग्रॅम पावडरही पुरते. फुगलेले कण एकमेकांना रेटत दाटीवाटीने बसतात आणि पाणी उभंच राहतं. बोटाने दाबलं तर वाहतं, सोडलं की थांबतं. केसांना लावायचं जेल, दुखऱ्या गुडघ्यावर चोळायचं मलम, 2020 साली दारोदारच्या बाटल्यांत भरलेलं सॅनिटायझर, सगळ्यांमागे हीच युक्ती.

त्या वर्षी या पावडरीचा जगभर तुटवडा पडला. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी परवाने मिळवून सॅनिटायझर भरायला घेतलं. अल्कोहोल त्यांच्याकडे उदंड होतं; पण ते विकलं गेलं मुख्यतः पातळ, फवारायच्या रूपात. हातावरून मनगटापर्यंत ओघळणारं ते पाणी आणि तळव्यावर डोलणारा जेलचा थेंब यांत फरक फक्त या फुगीर कणांचा.

मायक्रोजेलचं खरं भाग्य उघडलं ते एका भौतिकशास्त्रज्ञामुळे, आणि त्याची सुरुवात झाली डोळ्याच्या भिंगापासून. तोयोइची तानाका, जन्म 1946, जपानमधल्या निइगाता प्रांतातले. अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉर्ज बेनेडेक यांच्याबरोबर ते मोतीबिंदूवर काम करत होते. डोळ्याच्या भिंगावर लेझर टाकायचा आणि विखुरलेल्या प्रकाशाच्या थरथरीवरून आतली प्रथिनं कशी हलतात ते ताडायचं. भिंग हेसुद्धा एक प्रकारचं जेलच, म्हणून त्यांनी तोच लेझर पॉलिॲक्रिलामाइडच्या साध्या जेलवर वळवला. थंड करताना जेल पांढुरकं होतंय, असं त्यांना दिसलं. जाळ्यात काहीतरी मोठी उलथापालथ व्हायच्या बेतात असल्याचं ते चिन्ह होतं.

1978 मध्ये त्यांनी दाखवलं की ॲसिटोन आणि पाणी यांच्या मिश्रणात ठेवलेलं जेल, मिश्रणाचं प्रमाण किंवा तापमान अगदी किंचित बदलताच एकदम कोसळतं. फुगलेलं जेल आक्रसून अनेक पटींनी लहान होतं, आणि परिस्थिती पूर्ववत केली की पुन्हा फुगतं. पाण्याची वाफ व्हावी तसा हा धक्कादायक बदल, पण घन वाटणाऱ्या पदार्थात.

पुढे जे झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत लोभस वाटतं. ताज्या जेलमध्ये तो धक्का येईना. ते हळूहळू, मुकाट्याने आक्रसायचं. चूक कुठे झाली? उत्तर निघालं शिळेपणात. जुनं जेल बरेच दिवस अल्कलीच्या द्रावणात पडून होतं. तेवढ्या वेळात त्यातले काही ॲमाइड गट पाण्याने फोडले आणि दोऱ्यांवर विद्युत्भार आला. भारांनी जाळं ताणून धरलं, म्हणून ते कोसळताना एकदम कोसळलं. मग तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेल मुद्दाम शिळं केलं, कमीअधिक दिवस मुरत ठेवलं आणि 1980 मध्ये पूर्ण हिशेब मांडला. लोणच्यासारखं जेलही मुरावं लागतं, हे कुणाला ठाऊक होतं!

दरम्यान, 1979 मध्ये, तानाका आणि डेव्हिड फिलमोर यांनी एक हिशेब केला. मायक्रोजेलच्या कथेत तो कळीचा. जेल फुगायला किंवा आक्रसायला लागणारा वेळ त्याच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेंटिमीटरभर जेलला आठवडे लागू शकतात, कारण पाण्याला जाळ्यातून वाट काढत जावं लागतं आणि जाळ्यालाही पाण्यातून सरकावं लागतं. आकार दहा हजार पटींनी कमी केला तर वेळ दहा कोटी पटींनी कमी होतो. म्हणजे सेंटिमीटरचं जेल तापमानाला महिनाभराने उत्तर देईल, तर मायक्रोमीटरचा कण डोळ्याचं पातं लवायच्या आत देईल. तानाका यांची गाजलेली जेलं मोठी होती, म्हणून मंद होती. लहान करण्याची कला चीकवाल्यांकडे होती. तानाका 2000 साली टेनिस खेळताना गेले, वय अवघं चोपन्न.

तापमानाला उत्तर देणारं द्रव्य आधीच कपाटात पडून होतं. एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइड, शास्त्रज्ञ त्याला लाडाने निपाम म्हणतात. 1950 च्या दशकात अमेरिकेत त्याचं पेटंट निघालं होतं ते उंदीर दूर ठेवण्यासाठी! 1968 मध्ये टोरांटोच्या हेस्किन्स आणि गिलेट यांनी त्याच्या पॉलिमरचा विक्षिप्तपणा नीट मोजला. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते; हे पॉलिमर गरम पाण्यात बाहेर पडतं. 32 अंश सेल्सिअसच्या खाली पाणी स्वच्छ, वर पांढरं, थंड केलं की पुन्हा स्वच्छ. दोऱ्याच्या प्रत्येक कडीत पाण्याला धरणारा एक भाग आहे आणि पाण्याला नकोसा एक. थंडीत पाण्याचे रेणू या नकोशा भागाभोवतीही शिस्तीत उभे राहतात. ऊब आली की त्यांना ती शिस्त सहन होत नाही, ते निघून जातात आणि उघडे पडलेले भाग एकमेकांना चिकटतात. अंडं उकडल्यावरही काहीसं असंच होतं, पण उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही.

कॅनडाचे रॉबर्ट पेल्टन हे कागदाच्या लगद्यात रमलेले रसायन अभियंते, पुढे हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात प्राध्यापक. त्यांनी आणि फिलिप चिबांते यांनी या निपामचा चीक केला. 1986 साली ‘कलॉइड्स अँड सर्फेसेस’मध्ये छापलेल्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकात मायक्रोजेल हा शब्दही नाही; तिथे आहे ‘लॅटेक्स’, म्हणजे आपला चीकच. शीर्षक इतकं साधं की कुणाच्या नजरेत भरू नये. पण आज हजारो लेखांची वंशावळ तिथवर जाते.

कृती घरगुती वाटावी इतकी सोपी आहे. तीन तोंडांच्या काचेच्या चंबूत पाणी घ्यायचं, त्यात थोडं निपाम आणि गाठी मारण्यासाठी मेथिलीनबिसॲक्रिलामाइड. नायट्रोजनचे बुडबुडे सोडून प्राणवायू हाकलायचा, कारण तो विक्रिया मारतो. 70 अंशांवर ढवळत ठेवून विक्रिया सुरू करणारं पोटॅशियम परसल्फेट घालायचं. काही मिनिटं काहीच दिसत नाही. मग निळसर झाक येते, पहाटेच्या धुरासारखी. नंतर चंबू दुधाने भरल्यासारखा होतो. काही तास ढवळून थंड केलं की दूध नाहीसं होतं आणि चंबूतून पलीकडचं पुन्हा दिसू लागतं. कण तिथेच असतात, पाण्याने फुगून पाण्यासारखेच झालेले.

सगळे कण एकसारख्या आकाराचे का होतात? 70 अंश म्हणजे 32 च्या बरंच वर. दोरा थोडा लांबला की पाण्यातून बाहेर पडतो आणि बीज होतं. बीजं सुरुवातीच्या थोड्या वेळातच पडून जातात. नंतरचा प्रत्येक नवा दोरा आधीच्या बीजावर बसतो. एकाच दिवशी पेरलेलं शेत एकाच उंचीचं होतं, तसं. परसल्फेटमुळे कणांवर थोडा ऋण भार राहतो आणि त्यामुळे ते गरम असताना एकमेकांना चिकटत नाहीत. गरम असतानाच मीठ टाकलं तर भारांची भिंत पडते आणि सगळं नासतं. जीआर-एसचा चीक नासवायची तीच जुनी रीत.

आता मोजायचं कसं? इथे मायक्रोजेलने अनेकांची फजिती केली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं तर आधी वाळवावं लागतं, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असलेला कण वाळला की काचेवरच्या डागासारखा चपटा होतो. फोटो छान येतो, पण तो कणाचा नसून कलेवराचा असतो. म्हणून लेझर टाकून थरथर मोजायची, तानाका यांच्या मोतीबिंदूच्या दिवसांतली रीत. लहान कण पाण्यात जलद थरथरतो, मोठा संथ. 25 अंशांपासून 40 पर्यंत तापवत गेलं की व्यास 32 च्या आसपास एकदम घसरतो, सहसा निम्म्याहून कमी होतो. व्यास निम्मा म्हणजे आकारमान आठवा हिस्सा.

पेल्टन यांच्याच गटाने 1994 मध्ये आणखी एक खोच पकडली. गाठी मारणारं द्रव्य निपामपेक्षा लवकर संपतं. म्हणजे कणाचा गाभा गाठींनी गच्च आणि बाहेरचा भाग सैल, झिपऱ्या सुटलेला. ही झिपरी कड दिसायला दहा वर्षं जावी लागली. 2004 मध्ये वाल्टर रिश्टरिंग आणि त्यांचे सहकारी यांनी न्यूट्रॉनचे झोत टाकून ती मोजली. तेव्हापासून मायक्रोजेलचं रेखाचित्र काढताना कुणी कंपासने गोल काढत नाही. रिश्टरिंग यांनी आपल्या कारकिर्दीची काही वर्षं फ्रायबुर्गला काढली होती, श्टाउडिंगर आणि हुसेमान यांच्याच संस्थेत.

32 अंश हा आकडा युरोप-कॅनडात प्रयोगशाळेच्या उबेपेक्षा वर आणि शरीराच्या उबेपेक्षा खाली असल्यामुळे सोयीचा. नागपूरला मे महिन्यात पंख्याखालच्या टेबलावर तो चंबू नुसता ठेवला तरी दुपारी दूध होईल आणि पावसाची पहिली सर आली की पुन्हा पाणी.

या कणांबद्दल एक गैरसमजही मूळ धरून बसला. 32 च्या वर निपामचं पॉलिमर ‘पाणीद्वेष्टं’ होतं, असं लेखांमागून लेख सांगत राहिले. ज्यांच्या लेखावर हा डोलारा उभा राहिला त्या पेल्टन यांनीच 2010 मध्ये एका छोट्या टिपणात बजावलं की हे पॉलिमर पाणीद्वेष्टं कधीच नसतं. तापलेल्या कणातही भरपूर पाणी असतं आणि त्याचा पृष्ठभाग पाण्याने भिजतो. आपल्याच शोधाभोवतीची दंतकथा स्वतः मोडायला निघणारी माणसं थोडी.

वापराच्या गोष्टी खरं तर आधीच सुरू झाल्या होत्या, पण झगमगाटाशिवाय. 1980 च्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीतले बॅकहाउस मोटारींच्या चंदेरी रंगावर काम करत होते. हा रंग चमकतो तो त्यातल्या ॲल्युमिनियमच्या पातळ चकत्या पत्र्याला समांतर निजल्या तर. पूर्वी हे काम ढीगभर सेंद्रिय द्रावक करत, आणि ते सगळे हवेत उडत. रंग पाण्यात करायचा तर तो फवाऱ्यातून पातळ निघायला हवा आणि पत्र्यावर पडताक्षणी घट्ट व्हायला हवा. मायक्रोजेलचे कण नेमके तसेच वागतात: ढकललं की मोकळे, थांबलं की दाटी. ‘ॲक्वाबेस’ नावाने तो रंग मोटारींवर चढला. जेल धरलेलं रबर नको म्हणणाऱ्या मोटार उद्योगाने जेल धरलेला रंग आनंदाने स्वीकारला.

तेलवाल्यांनी उलट्या स्वभावाचे कण केले. विहिरीत पाणी सोडून तेल रेटायचं तर पाणी सोप्या वाटा शोधतं आणि तेलाला वळसा घालून निघून जातं. म्हणून कणांत दोन प्रकारच्या गाठी मारल्या, पक्क्या आणि कच्च्या. खडकाच्या खोल भागातल्या उष्णतेत कच्च्या गाठी सुटतात, कण फुगतात आणि पाण्याची चोरवाट बुजवतात. 2001 मध्ये सुमात्राच्या मिनास तेलक्षेत्रात याची चाचणी झाली.

आपल्याकडेही जेलचा अभ्यास जुना आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर, आशिष लेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोजन बंधांमुळे जेल कधी फुगतं, कधी कोसळतं याचं गणित मांडलं. दुष्काळी शेतात पाणी धरून ठेवण्यासाठी केलेलं ‘जलशक्ती’ हे जेलसुद्धा तिथलंच. पण त्याचे कण डोळ्यांना दिसण्याइतके मोठे. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात बी. व्ही. आर. टाटा यांनी निपामच्या मायक्रोजेलपासून कणांचे स्फटिक घडवले आणि ते कसे वितळतात ते लेझरने पाहिलं.

हे स्फटिक वेड लावणारे आहेत. मायक्रोजेलचे कण दाटीने भरले की तोफगोळ्यांच्या ढिगासारखी रांग धरतात आणि प्रकाश पडला की ओपल खड्यासारखे रंग उमटतात. तापमान अर्धा-एक अंश वाढवलं की कण थोडे आक्रसतात आणि रांग मोडते. साधा स्फटिक वितळताना अणू दिसत नाहीत. इथे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण दिसतो. 2005 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अर्जुन योध यांच्या गटाने दाखवलं की वितळणं सुरू होतं ते स्फटिकातल्या जोडरेषांपाशी, पूर्ण वितळण्याच्या आधीच. बर्फ वितळताना आत काय चालतं, याची एक खिडकीच ही.

आणि रक्त. 2003 मध्ये गाओ आणि फ्रिस्कन यांनी दाखवलं होतं की गाठी मारणारं द्रव्य मुळीच न घालताही निपामचे कण धरतात. दोरे आपसांतच मोजक्या गाठी मारतात. असे कण कमालीचे मऊ. अँड्र्यू लायन, थॉमस बार्कर आणि ॲशली ब्राऊन यांनी 2014 मध्ये असल्या कणांवर रक्ताच्या गुठळीतल्या फायब्रिनला धरणारी प्रथिनं जोडली. गुठळीत शिरल्यावर कण फायब्रिनच्या धाग्यांना चिकटून पसरतात आणि हळूहळू गुठळी आवळून घट्ट करतात. हे काम शरीरात रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, करतात. जखमी उंदरांमध्ये रक्तस्राव कमी झाला. उंदीर पळवायला निघालेलं निपाम साठ वर्षांनी उंदराची जखम बांधताना दिसलं, हा योगायोग मला सोडवत नाही.

इतकं सगळं होऊनही टायरच्या जगात मायक्रोजेलची पत फारशी सुधारलेली नाही. चिकाच्या रीतीने होणारं स्टायरिन-ब्युटाडाईन रबर आता 5 अंशांच्या गारव्यात बनवतात, आणि तिथेही कच्च्या मालाचं साठ-पासष्ट टक्के रबर झालं की विक्रिया थांबवतात. जेल धरू नये म्हणून.